सुखाला पाचपैकी तीन

वेस्टरलुंड जिल्ह्यातली मुलं अख्ख्या मिनेसोटात सगळ्यांत दुःखी आहेत, ही बातमी जिल्ह्याला डोरीनच्या हॉटेलात सकाळच्या अंड्यांबरोबर कळली. कोणी ओरडलं नाही, कोणाच्या हातून कप पडला नाही. फक्त ऑरिन हॉगडालने पेपर घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बरं नाही हे." वेस्टरलुंडमध्ये याहून मोठा आक्रोश आगीच्या वेळीसुद्धा ऐकू आलेला नाही.

त्याचं असं झालं. राजधानीत एक बालकल्याण मापन मंडळ आहे. राज्यातल्या पोरांचे दात, वजनं, लसी, वाचन, शाळेतली हजेरी, घरी रात्री किती माणसं एका टेबलाशी बसून जेवतात, असं सगळं मोजून ते जिल्ह्यांची क्रमवारी लावतं. दातांत आणि वाचनात वेस्टरलुंडने कधी मान खाली घालायची वेळ आणली नव्हती. पण यंदा मंडळातल्या कोणा हुशार माणसाला वाटलं, पोरांचं सगळं मोजतो, मग पोरांनाच एकदा विचारू या की. म्हणून शाळाशाळांतून प्रश्न गेला: तुझं आयुष्य कसं चाललं आहे? एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे अतिशय उत्तम.

वेस्टरलुंडच्या पोरांनी, एक सोडून, झाडून सगळ्यांनी तीनवर गोल केला.

इथे जन्मलेल्या माणसाला यात काहीच वावगं वाटलं नसतं. मका डोक्याच्या वर गेला तरी इथला शेतकरी म्हणतो, "तसं वाईट नाही." बायकोला जुळं झालं की म्हणतो, "चाललंय." पाच हा आकडा देवासाठी राखीव आहे, चार पाद्रीबाबांसाठी, आणि बाकीच्यांनी तीनवर गप्प बसायचं, हे इथलं पोर दात येण्याआधी शिकतं. सहावीतल्या एका मुलाने चार दिले आणि घरी येऊन तसं सांगितलं, तर त्याची आजी रविवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. बाकीच्या जिल्ह्यांतली पोरं मात्र लाज सोडून चार-पाच देत सुटली होती. साहजिकच वेस्टरलुंड तळाला गेलं, आणि शेजारचा रोजडेल जिल्हा, ज्याच्याकडून हॉकीत हरल्यावर वेस्टरलुंडची माणसं आठवडाभर दाढी करत नाहीत, तो बऱ्यापैकी वर राहिला.

ताबडतोब एक समिती नेमायचं ठरलं. अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा ऑरिन बाहेर गाडीतून खुर्च्या काढत होता. तो खुर्च्या घेऊन आत आला तेव्हा अध्यक्ष झालेला होता. विमा एजंट माणूस, आकडेमोड येते, स्वतःची एक अकरा वर्षांची मुलगी आहे, आणि नाही म्हणायला तो खोलीत नव्हता, एवढी पात्रता पुरली.

ऑरिनला मात्र हे पद मनातून हवंच होतं. कारण होतं ऊबघर. गावाच्या बर्फाच्या मैदानाकाठी एक लाकडी खोली होती. आत शेगडी, भिंतीला बाकडी. पोरं तिथे बसून स्केट्स चढवायची, बोटं शेकायची, मोजे वाळत घालायची. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने तिचं छप्पर खाली आलं आणि जिल्ह्याने दाराला कुलूप घातलं. तेव्हापासून पोरं उघड्यावर बर्फात बसून स्केट्स बांधत. ऑरिनची मुलगी सिग्ने एकदा पायाची बोटं पांढरी करून घरी आली, तेव्हा तिचे पाय मांडीवर घेऊन चोळताना त्याने तिला शब्द दिला होता, "ऊबघर मी परत उभं करीन." ऑरिनने आयुष्यात दिलेले शब्द थोडे होते आणि ते बहुतेक पाळलेले होते. त्यामुळे हा एक त्याला फार टोचत होता.

आणि मंडळाकडून जिल्ह्याला आलेल्या पत्रात तळाला एक ओळ होती. जानेवारीत फेरमोजणी होईल, आणि तिच्या क्रमवारीनुसार मुलांच्या सोयींसाठी निधी वाटला जाईल.

"क्रमवारीनुसार म्हणजे कसं?" ऑरिनने डोरीनच्या हॉटेलात विचारलं.

उत्तर द्यायला डेलबर्ट क्रांट्झ होताच. हा ऑरिनचा शेजारी. जन्मभर शेतकऱ्यांना खताचा सल्ला देऊन निवृत्त झाला होता. आता खत राहिलं होतं बाजूला आणि नुसता सल्ला उरला होता.

"यात विचारायचं काय?" डेलबर्ट म्हणाला. "जिल्ह्याच्या जत्रेत निळी फीत कुठल्या वासराला मिळते? मरतुकड्याला?"

"नाही, उत्तम वासराला."

"आणि फितीबरोबर बक्षीस?"

"त्यालाच."

"मग झालं तर. पोरं काय, वासरं काय. पहिला नंबर काढा, पैसे घ्या, खोली बांधा. मंडळाला विचारत बसू नका. पैशाचं असं तोंड वर करून विचारणं बरं दिसत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जत्रेत वासरं, भोपळे आणि लोणची यांना फिती मिळताना बघत मोठी झालेली माणसं ती. मागे राहिलेल्याला कोणी पैसे देईल, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

ऑक्टोबरात मंडळाकडून फोन आला. बाईंचं नाव रेनाटा किंतेरो. मूळच्या दूर दक्षिणेकडच्या, राजधानीत नव्यानेच बदलून आलेल्या. आवाज मोकळा आणि प्रश्न सरळ.

"हॉगडालसाहेब, तुमचा जिल्हा तळाला दिसतोय. मुलांसाठी काही मदत हवी आहे का?"

 ऑरिनच्या डोळ्यांसमोर ऊबघर उभं राहिलं, शेगडीसकट. आणि तो म्हणाला, "छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता? आमचं भागतंय."

आता पुढे काय व्हायला हवं होतं ते वेस्टरलुंडचं शेंबडं पोरही सांगेल. समोरच्याने म्हणायचं, "अहो, त्रास कसला?" आपण म्हणायचं, "नको, खरंच नको." मग समोरच्याने तिसऱ्यांदा विचारायचं, आणि आपण म्हणायचं, "तुमचा एवढा आग्रहच असेल तर थोडंसं." पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट. दुसऱ्याला म्हणणारा लग्नसंबंधाला नालायक. ऑरिनने रिसीव्हर कानाला घट्ट लावून दुसऱ्या विचारण्याची वाट पाहिली.

"छान!" किंतेरोबाई म्हणाल्या. "ऐकून बरं वाटलं." आणि फोन ठेवला.

ऑरिनची बायको मार्लिस दातांच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघण्याची सवय असल्याने घरी तिला बंद तोंडाची माणसं सहन होत नसत.

"तू नको म्हणालास?" ती ओरडली. "खोली पडलीय, पोरीचे पाय गारठतायत, आणि तू नको म्हणालास?"

"तिसऱ्यांदा विचारलं असतं तर हो म्हणणार होतो."

"तिने दुसऱ्यांदासुद्धा विचारलं नाही!"

"त्याला मी काय करू? एकेकाचे संस्कार."

"मग आता तू फोन कर आणि सांग की हवंय."

"स्वतः होऊन?" ऑरिनने असा चेहरा केला की जणू तिने त्याला चर्चमध्ये कपडे काढायला सांगितलं होतं. "मार्लिस, आपण नंबर काढून मानाने घेऊ. मागून नाही."

मार्लिसने हातातला चमचा जरा जोरातच ठेवला. सिग्ने जिन्यात बसून ऐकत होती. तिने स्केट्सच्या नाड्या सोडवल्या आणि परत बांधल्या.

मग सुरू झालं शिक्षण. आठवड्यातून दोनदा ल्यूथरन चर्चच्या तळघरात जिल्ह्यातली पोरं जमवून त्यांना सुखी असल्याचं सांगायला शिकवायचं. काम सोपं वाटलं होतं. पहिल्या दिवशी ऑरिन फळ्यासमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "म्हणा माझ्यामागे. माझं आयुष्य अति... माझं आयुष्य अतिश..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकोणपन्नास वर्षांत त्याने हा शब्द स्वतःच्या कुठल्याही गोष्टीबद्दल वापरलेला नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून त्याने तो एकदाचा काढला. पोरांनी बुटांकडे बघत तो पुटपुटला. दोन मुली रडायला लागल्या.

पण पोरंच ती. महिनाभरात सरावली. हनुवटी वर, नजर समोर, आवाज छातीतून, पंजा उघडा. "पाचपैकी पाच! अतिशय उत्तम!" आणि एकदा सरावली म्हटल्यावर थांबेनात. मग तक्रारी सुरू झाल्या. एगनेस ब्रोटेन या आजींनी नातवापुढे ओव्हनमध्ये भाजलेलं रोजचं बटाट्याचं हॉटडिश ठेवलं. नातू उभा राहून "अतिशय उत्तम!" असं ओरडला. आजींना वाटलं, पोरगं आपली थट्टा करतंय. त्यांनी भांडं उचललं आणि आत जाऊन रडल्या. दुसऱ्या एका आईने मुलाला सकाळी "कसा आहेस?" म्हणून विचारलं आणि त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून तिने घाबरून त्याला ताप बघायला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासून सांगितलं, मुलगा ठीक आहे, फक्त अध्यक्षांना आवरा. पाद्रीबाबांनी रविवारी गर्वावर प्रवचन केलं. त्यात नाव कोणाचं घेतलं नाही, पण अख्खा वेळ ऑरिनच्या बाकाकडे बघत होते.

डेलबर्टने सुचवलं की नुसतं शिकवून भागणार नाही, वातावरण पाहिजे. म्हणून हमरस्त्यावर पाटी लावायची ठरली: 'आनंदी मुलांचा जिल्हा आपलं स्वागत करतो.' रस्ते खात्याने कळवलं की 'आनंदी' हा दावा आहे, आणि दाव्याला सरकारी आकड्यांचा आधार लागतो. सरकारी आकड्यांत तुम्ही शेवटचे आहात. आधार नसेल तर ती जाहिरात धरली जाईल, आणि जाहिरातीला वेगळा परवाना. परवान्याच्या खिडकीवर विचारलं, "विकायचं काय आहे?" ऑरिन म्हणाला, "काही नाही." खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मग जाहिरात कशाची?" शेवटी 'आनंदी' काढून 'मुलांचा जिल्हा' एवढंच लिहिलं. चौथ्या दिवशी बर्फ ढकलणाऱ्या गाडीने पाटीचा अर्धा भाग नेला. उरला नुसता 'जिल्हा'. त्याला कोणत्याच खात्याची हरकत नव्हती.

या सगळ्या धांदलीत हिवाळा कडक झाला. ऊबघराला कुलूप होतंच. सिग्ने आणि तिच्या मैत्रिणी ऑरिनच्या गाडीत बसून स्केट्स चढवायला लागल्या, त्यामुळे गाडीला ओल्या मोज्यांचा जो वास लागला तो विमा घेणाऱ्यांनाही जाणवायला लागला. दोन गिऱ्हाइकांनी गाडीत बसून बोलायला नकार दिला.

"बाबा," सिग्नेने एकदा विचारलं, "ते आपल्याला विचारतील ना, काय हवंय म्हणून? तेव्हा ऊबघर सांगू?"

"नको गं," ऑरिन म्हणाला. "काही कमी आहे म्हटलं की मार्क कापतात. एकदा पहिला नंबर येऊ दे, मग ऊबघर झालंच म्हणून समज."

"पण ते तर खरं आहे ना? छप्पर पडलंय हे?"

"खरं आहे. पण खरं बोलायची एक वेळ असते." हे बोलताना त्याला स्वतःलाच जरा कसंसं झालं, म्हणून त्याने गाडीतला हीटर वाढवला.

जानेवारीत किंतेरोबाई आल्या. शाळेच्या जेवणघरात पोरं ओळीने उभी, मागे पालक. बाईंनी विचारलं, "काय मुलांनो, कसं चाललंय?" आणि सगळे पंजे एकदम वर गेले. "पाचपैकी पाच! अतिशय उत्तम!" खिडकीच्या काचा थरथरल्या. मागे उभ्या असलेल्या आज्यांनी लाजेने माना खाली घातल्या.

बाई खूश झाल्या. मग त्या ओळीतून फिरत एकेकाशी बोलायला लागल्या. सिग्नेपाशी थांबल्या, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, "आणि काही कमी आहे का गं? काहीही सांग. काहीतरी असेलच."

सिग्नेने तोंड उघडलं. मग तिने मागे वळून बापाकडे बघितलं. ऑरिनने कोटाच्या बाहीआडून पंजा उघडून दाखवला. पाच. सिग्ने क्षणभर त्या पंजाकडे बघत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. आणि तिने छातीतून आवाज काढला नाही.

ऑरिनला ते लागलं. पण तेवढ्यात बाई त्याच्याकडेच वळल्या. "आणि हॉगडालसाहेब, तुम्हाला काही हवंय का जिल्ह्यासाठी? मागे फोनवर नको म्हणाला होतात."

दुसऱ्यांदा! ऑरिनला गहिवरून आलं. बाई शेवटी वळणावर आल्या म्हणायच्या. "नको, खरंच नको," तो आर्जवाने म्हणाला आणि अपेक्षेने त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"ग्रेट," बाई म्हणाल्या, आणि एगनेसआजींच्या लिंबाच्या वड्यांकडे वळल्या. आजींनी ताट पुढे केलं, "घेता का एखादी?" तर बाईंनी पहिल्याच विचारण्याला "हो!" म्हणून दोन उचलल्या.  त्या रात्री जिल्ह्यात मोजणीपेक्षा याचीच चर्चा जास्त झाली.

फेब्रुवारीत निकाल लागला. वेस्टरलुंड राज्यात पहिलं. जल्लोष प्रचंड झाला, म्हणजे डोरीनच्या हॉटेलात तिघांनी ऑरिनकडे बघून मान हलवली आणि एकाने त्याच्या कॉफीचे पैसे देऊ केले. ऑरिनने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कोणी विचारायच्या आत डेलबर्टने हातातला पेपर वाचून दाखवायला घेतला. मुलांच्या सोयींचा निधी रोजडेल जिल्ह्याला. रोजडेल फेरमोजणीत सगळ्यांत शेवटी आलं होतं.

ऑरिनने तिथूनच फोन लावला. स्वतः होऊन. आयुष्यात पहिल्यांदा.

"पण पहिले आम्ही आलो!" तो म्हणाला.

"हो, आणि अभिनंदन!" किंतेरोबाई म्हणाल्या. "तुमची मुलं राज्यात सगळ्यांत सुखी. मग त्यांना पैसे कशाला? ज्यांची गरज जास्त त्यांना आधी. क्रमवारीनुसारच दिले, खालून."

"आमच्याकडे ऊबघराचं छप्पर पडलंय. वर्ष झालं."

बाई सावकाश म्हणाल्या, "हॉगडालसाहेब, मी तुम्हाला ऑक्टोबरात विचारलं. तुम्ही नको म्हणालात. जानेवारीत तोंडावर विचारलं. तेव्हाही नको म्हणालात."

"हो. पण तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा काय?"

"तिसऱ्यांदा विचारलंच नाहीत तुम्ही."

"तिसऱ्यांदा विचारायचं असतं?"

"अर्थात."

"हे कुठल्या नियमात आहे?"

हॉटेलातली सगळी माणसं ऑरिनकडे बघत होती, आणि एकाही माणसाला हा नियम कुठे लिहिलाय ते सांगता येत नव्हतं. ऑरिनने "बरं नाही हे" म्हणून फोन ठेवला. डेलबर्टने अंडी संपवली आणि म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो, एकदा विचारून घ्या म्हणून." ऑरिनला आयुष्यात एकदाच माणूस मारावासा वाटला, तो हा क्षण.

रोजडेलच्या समितीच्या अध्यक्ष होत्या लोर्ना फायफर. आवाजी, रुंद, हसऱ्या. त्यांचाच फोन आला पुढच्या हिवाळ्यात. "ऑरिन, आमचं नवं ऊबघर झालंय. तुमची पोरं पाठव की."

"छे, तुम्हाला कशाला त्रास?"

"अरे, त्रास कसला? पाठव."

"नको, खरंच."

"पाठव म्हणते ना!"

तीन झाले. आता नाही म्हणणं असभ्यपणा. "तुम्हाला कळलं कसं हो," त्याने न राहवून विचारलं, "की पैसे खालच्याला मिळणार?"

"कळायचं काय त्यात? फोन करून विचारलं. मग पोरांना सांगितलं, काय खुपतंय ते बिनधास्त सांगा. त्यांनी सगळं सांगितलं मेल्यांनी, माझ्या स्वयंपाकासकट."

शनिवारी ऑरिन सिग्नेला घेऊन रोजडेलला गेला. ऊबघर नवंकोरं, पिवळ्या लाकडाचं, धुराड्यातून धूर. सिग्ने स्केट्स घेऊन आत पळाली. ऑरिन गाडीतच बसला. आत जाण्याइतका तो त्या निकालातून अजून सावरला नव्हता. थोड्या वेळाने लोर्नाबाई बर्फ तुडवत आल्या, काच ठोकली. "आत ये. कॉफी घे."

"नको नको, मी मजेत आहे." त्याच्या श्वासाने काच आतून पांढरी झाली होती.

"अरे, घे थोडी."

"नको, खरंच."

ऑरिनने तिसऱ्या विचारण्यासाठी काच आणखी थोडी खाली केली. तेवढ्यात आतून कोणीतरी "लोर्ना, दूध उतू गेलं!" म्हणून ओरडलं आणि बाई धावल्या. काच तशीच अर्धी उघडी राहिली. थंडीने ती परत वर जाईना.

दिवेलागणीला सिग्ने आली. गाल लाल, मोजे कोरडे. ऑरिनने मोठ्या आशेने विचारलं, "कसं होतं?" फक्त एकदा 'तसं वाईट नाही' ऐकायचं होतं त्याला.

सिग्नेने हनुवटी वर केली, नजर समोर ठेवली आणि पंजा उघडला. "पाचपैकी पाच, बाबा! अतिशय उत्तम!" या वेळी आवाज छातीतून आला, आणि तो कोणी शिकवलेला नव्हता.

ऑरिनने गाडी सुरू केली. अर्ध्या काचेतून वारा सरळ त्याच्या कानात जात होता.  मग सिग्ने म्हणाली, "त्या बाईंनी मला विचारलं, गरम कोको हवा का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं."

"पहिल्याच वेळी?" ऑरिन दचकून म्हणाला. "मग?"

"मग काय," सिग्ने म्हणाली, "मग दिला."